तुमच्या सेशनची किती मिनिटं कुणी ऐकली? थेरपिस्टांसाठीच्या सुपरव्हिजन-सेवांचं परीक्षण

महिन्यातून एकदा, झूमवर, दोन तास, सहा थेरपिस्ट आणि एक सुपरवायझर. दहा बैठकांचं पॅकेज, शेवटी प्रमाणपत्र. पुण्या-मुंबईत किंवा नाशिक-कोल्हापुरात स्वतःची प्रॅक्टिस करणारा समुपदेशक सुपरव्हिजन, म्हणजे आपलं काम अनुभवी थेरपिस्टसमोर मांडून मिळणारं मार्गदर्शन, शोधायला लागला की बहुधा आधी हाच प्रकार हाती लागतो. याखेरीज एकास-एक सुपरव्हिजन आहे, बरोबरीच्या लोकांनी आपसांत चालवलेले गट आहेत, आणि शनिवार-रविवारच्या कार्यशाळा तर आहेतच. या चारही सेवा इथे तपासल्या आहेत. कसोटी एकच लावली आहे: महिनाभरात तुम्ही क्लायंटशी प्रत्यक्ष जे बोललात, त्यातली किती मिनिटं दुसऱ्या जाणत्या माणसाच्या कानावर पडली?

ही कसोटी का, तेही सांगायला हवं. गाणं शिकणारी मुलगी गुरुजींकडे गेली, 'काल यमन गायले, बरा झाला, फक्त तानेत जरा अडखळले' एवढं सांगून परत आली, तर त्याला कुणी तालीम म्हणणार नाही. गाऊन दाखवावंच लागतं, कारण जो स्वर हलला तो हलल्याचं तिच्या कानाला कळलेलंच नसतं. थेरपीत नेमकं हेच होतं. क्लायंट म्हणते, 'चाललंय, काय सांगायचं', आणि थेरपिस्ट पुढच्या प्रश्नाकडे वळतो. इथे काहीतरी निसटलं हे त्याला कळलं असतं, तर तो थांबलाच असता. कळलं नाही, म्हणून केस मांडताना ते वाक्य त्याच्या तोंडी येणारही नाही. सुपरवायझर कितीही अनुभवी असो, न सांगितलेल्या वाक्यावर तो काय बोलणार?

गटाचं पॅकेज: आधी हिशेब करा

दोन तासांच्या बैठकीतली सुरुवातीची विचारपूस आणि शेवटची आवराआवर यात वीस मिनिटं सहज जातात. उरलेल्या शंभर मिनिटांत दोन केस धड होतात. तिसरी घेतली की घाई होते. सहा जणांत दोन केस म्हणजे तुमची पाळी दर तिसऱ्या महिन्याला. दहा बैठकांत तीन पाळ्या, नशिबाने चौथी.

ब्रिटनमधली बीएसीपी ही समुपदेशकांची संघटना आपल्या मानांकित सदस्यांकडून महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजनची अपेक्षा ठेवते, आणि मानांकनासाठी गटातले तास कसे मोजायचे याचं तिचं गणित अगदी रोखठोक आहे. गट चार जणांचा किंवा त्याहून लहान असेल, तर एकूण वेळेच्या निम्मा वेळ तुमचा धरायचा. चारपेक्षा मोठा असेल, तर एकूण वेळेला माणसांच्या संख्येने भागायचं. आपल्या सहा जणांच्या गटाला हे लावून पाहा. 120 भागिले 6, म्हणजे बैठकीमागे वीस मिनिटं. दहा बैठकांचे झाले तीन तास वीस मिनिटं. प्रमाणपत्रावर मात्र 'वीस तास' छापलेलं असतं.

आता पैशांचं. समजा, एका बैठकीचे हजार रुपये आहेत. पॅकेज झालं दहा हजारांचं. तीन तास वीस मिनिटांनी भागलं तर तुमच्या वाट्याच्या सुपरव्हिजनचा दर ताशी तीन हजार पडतो. तोच सुपरवायझर एकास-एक दोन हजारांत वेळ देत असेल, तर गट स्वस्त आहे ही समजूत चुकीची ठरते.

तरीही गट सरसकट टाकाऊ नाही. एकट्याच्या खोलीत दिवसभर बसणाऱ्याला इतरांच्या केस ऐकायला मिळतात. जो प्रश्न आपल्याकडे अजून आलेला नाही, तो दुसऱ्याने कसा हाताळला ते कळतं. आपल्यालाच सुचत नाही असं नाही, सगळ्यांचंच अडतं, हा दिलासा तर मोठाच. ब्रिटिश समुपदेशक ब्रिजिड प्रॉक्टर यांनी सुपरव्हिजनची तीन कामं सांगितली आहेत: थेरपिस्टला घडवणं, त्याचं काम नीतीच्या आणि दर्जाच्या चौकटीत आहे ना हे पाहणं, आणि त्याला सावरणं. गट सावरण्याचं काम उत्तम करतो, घडवण्याचं बेताचं, आणि तपासण्याचं जवळजवळ नाहीच. पाच सहकाऱ्यांसमोर स्वतःची गंभीर चूक कुणी मांडत नाही. क्लायंटबद्दल वाटलेलं आकर्षण, सेशनमध्ये लागलेली झोप, फी मागायची लाज वाटून महिनोन्‌महिने थकलेली रक्कम, एखादा क्लायंट सेशन रद्द करतो म्हणाला की वाटलेलं हायसं हे विषय सहा महिन्यांत एकदाही निघाले नसतील, तर गटात सगळं छान चाललंय असा निष्कर्ष काढू नये. तिथे फक्त दाखवण्याजोग्या केस येताहेत.

चांगल्या आणि वाईट गटातला फरक पहिल्या अर्ध्या तासातच दिसतो. वाईट गटात केस सांगणारी व्यक्ती क्लायंटच्या आजी-आजोबांपासून सुरुवात करते, वीस मिनिटं इतिहास चालतो, आणि मग सल्ल्यांचा पाऊस पडतो. 'तू सीबीटी कर ना', 'माइंडफुलनेस दिलास का', 'मला वाटतं हा बॉर्डरलाइन आहे'. केस मांडणारी वहीत भराभर लिहून घेते, कारण तिला गप्प बसण्यापेक्षा लिहिणं सोपं जातं. पुढच्या महिन्यात त्या केसचं काय झालं हे कुणी विचारत नाही. यातली एक गोष्ट सुपरवायझरने पकडायलाच हवी. क्लायंट थेरपिस्टला 'काहीतरी उपाय सांगा' म्हणत होता, आता थेरपिस्ट गटाला तेच म्हणतेय, आणि गटही तिच्यासारखाच घाईघाईने उपाय काढून देतोय. थेरपीच्या खोलीतलं नातं सुपरव्हिजनच्या खोलीत असं उमटतं, हे अमेरिकन मनोविश्लेषक हॅरॉल्ड सर्ल्स यांनी 1955 मध्येच दाखवून दिलं होतं. जो सुपरवायझर तिथे थांबून 'आत्ता आपण सगळे उपायांच्या मागे का लागलोय?' असं विचारतो, त्याच्या गटाला पैसे द्यावेत.

पन्नास मिनिटांची एक केस चांगल्या गटात साधारण अशी जाते. पहिली तीन मिनिटं मागच्या केसचा पाठपुरावा. मग केस मांडणारी एकाच वाक्यात आपला प्रश्न सांगते: 'तो रडायला लागला की मी विषय बदलते, असं का होतंय?' पार्श्वभूमी पाच मिनिटांत, त्याहून जास्त नाही. त्यानंतर दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण, किंवा ते नसेल तर दोन पानांचा शब्दशः उतारा. पुढची पंधरा मिनिटं केस मांडणारी कॅमेरा बंद करून फक्त ऐकते आणि बाकीचे आपसांत बोलतात: काय ऐकलं, कुठे पोटात गोळा आला, कुठे लक्ष उडालं. सल्ला देणं या टप्प्यात वर्ज्य. मग ती परत येऊन काय भिडलं ते सांगते, सुपरवायझर आपलं मत आणि काही धोका दिसत असल्यास तो स्पष्टपणे मांडतो, आणि शेवटच्या पाच मिनिटांत पुढच्या सेशनमध्ये नेमकं काय करून पाहायचं ते ठरतं. नोंदणीआधी संयोजकांना हे वेळापत्रक विचारा. 'आमच्याकडे चर्चा मोकळी असते' एवढंच उत्तर आलं, तर पैसे भरण्याआधी एक बैठक नुसती बसून पाहू द्या, असा आग्रह धरा.

एकास-एक: महाग वाटतं, पण इथेच काम होतं

सुरुवातीची दोन-तीन वर्षं तरी याला पर्याय नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. पन्नास मिनिटं, पंधरा दिवसांतून एकदा, आणि दर दुसऱ्या वेळी ध्वनिमुद्रण. अख्खं सेशन ऐकायची गरज नसते. थेरपिस्टने आधी स्वतः ते पूर्ण ऐकायचं, दहा मिनिटांचा तुकडा निवडायचा आणि मिनिट-सेकंदासकट लिहून पाठवायचा: '23:40 पासून, इथे मी गडबडले.' अधूनमधून तुकडा सुपरवायझरने निवडावा, कारण आपण निवडतो ते बहुधा आपल्याला आधीच दिसलेलं असतं.

ऐकण्याच्या दोन रीती आहेत आणि चांगल्या सुपरवायझरला दोन्ही येतात. एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॉर्मन केगन यांची. मुद्रण थांबवण्याचं बटण थेरपिस्टच्या हातात असतं. तो हवं तिथे थांबवतो आणि सुपरवायझर फक्त विचारतो: तेव्हा मनात काय चाललं होतं? काय म्हणावंसं वाटलं आणि म्हणाला नाहीत? क्लायंटच्या डोळ्यांत तुम्ही कसे दिसत होता असं वाटलं? इथे बरोबर-चूक काही नसतं. नवशिक्याचा घसा मोकळा करायला ही रीत फार उपयोगी.

दुसरी रीत गुण देण्याची. सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारी थेरपी, करणाऱ्यांसाठी यंग आणि बेक यांची 1980 ची कॉग्निटिव्ह थेरपी रेटिंग स्केल आहे. अकरा मुद्दे, प्रत्येकाला 0 ते 6, एकूण 66, आणि बेरीज चाळीस किंवा त्याहून जास्त असेल तर काम सक्षम मानायची पद्धत आहे. अजेंडा ठरवणं, क्लायंटचा अभिप्राय घेणं, समजून घेणं, वेळ सांभाळणं, प्रश्नांतून शोध घेणं, गृहपाठ असे ते मुद्दे. आकड्याला फार डोक्यावर बसवू नका, खरा फायदा एकेका मुद्द्यावरच्या बोलण्यात आहे. गृहपाठ दिला होता, पण सेशनच्या शेवटच्या मिनिटाला, क्लायंट चपला घालत असताना. मग पुढच्या वेळी 'जमलं नाही' हे उत्तर येणारच. मुद्रण ऐकताना असा दोष दोन मिनिटांत सापडतो, तोंडी केस मांडून वर्षभरात सापडत नाही. सुपरवायझर वर्षानुवर्षं एकटाच गुण देत असेल, तर त्याचा हात सैल किंवा कडक होत जातो. वर्षातून एखादं मुद्रण दुसऱ्या कुणाकडूनही तपासून घेता का, हे त्याला जरूर विचारा. खरा जाणकार या प्रश्नाने दुखावत नाही.

सुपरवायझर स्वतः कुठली पद्धत वापरतो तेही पाहायला हवं. सायकोडायनॅमिक (मनात नकळत चालणाऱ्या संघर्षांवर काम करणाऱ्या) घडणीच्या सुपरवायझरकडे आरईबीटी (विवेकनिष्ठ मानसोपचार) करणारा गेला, तर पहिले तीन महिने दोघं एकमेकांची भाषा शिकण्यात घालवतात. अनुभवी थेरपिस्टसाठी ते समृद्ध करणारं असतं, नवशिक्यासाठी फक्त गोंधळ. अंतराची भीती मात्र बाळगू नका. मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी आरईबीटीचे जनक, न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस यांच्याकडून आरईबीटी शिकून घेतलं ते वर्षानुवर्षांच्या पत्रव्यवहारातून, कागदावर केस आणि शंका मांडून. सोलापूरच्या थेरपिस्टने ठाण्याच्या सुपरवायझरला मुद्रण ऐकवणं आज त्यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

सर्वांत घातक दोष आहे तो दुहेरी नात्याचा. आपलं वर्तुळ लहान. एकच व्यक्ती कॉलेजात शिकवते, परीक्षेत गुण देते, क्लिनिक चालवते आणि सुपरव्हिजनही देते. क्लिनिकचा मालक हाच सुपरवायझर असेल, तर क्लायंटची थेरपी संपवावी का, या प्रश्नाला पैशाचा रंग चढतो. क्लायंट गेला की मालकाचंही उत्पन्न जातं. थेरपिस्टही मग 'मला ही केस झेपत नाही' असं पगार देणाऱ्याला सांगत नाही. नोकरी असेल तिथलं अंतर्गत सुपरव्हिजन घ्याच, पण महिन्यातून एकदा तरी बाहेरच्या कुणाकडे जा. आणि स्वतःची थेरपी ज्यांच्याकडे चालू आहे, त्यांच्याकडून सुपरव्हिजन घेऊ नका. थेरपिस्टचा स्वतःचा जुना घाव केसमध्ये आडवा येत असेल, तर चांगला सुपरवायझर तो दाखवून देतो आणि 'हा भाग तुमच्या थेरपीत घेऊन जा' म्हणतो, स्वतः उकलत बसत नाही.

सेशन मराठीत, सुपरव्हिजन इंग्रजीत

यावर कुठल्याच माहितीपत्रकात काही छापलेलं नसतं, आणि महाराष्ट्रात काम करणाऱ्याचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. क्लायंट म्हणाला, 'कशात राम वाटत नाही.' केस इंग्रजीत मांडताना त्याचं झालं 'लो मूड'. दुसरी म्हणाली, 'जीव नकोसा झालाय.' हे सासरच्या कटकटीला कंटाळून म्हटलं जातं आणि विहिरीच्या काठावर उभं राहूनही म्हटलं जातं. मराठी जाणणारा सुपरवायझर लगेच विचारेल: कुठल्या आवाजात म्हणाली? त्यावर तुम्ही 'म्हणजे मरून जावंसं वाटतं का?' असं सरळ विचारलंत का? भाषांतर झालेल्या केसमध्ये हा प्रश्न जन्मालाच येत नाही, आणि इथे चूक झाली तर ती जिवावर बेतते.

तेच संबोधनांचं. क्लायंट पहिल्या सेशनला 'मॅडम' म्हणते, चौथ्याला 'ताई', आणि सहाव्याला 'अगं'. थेरपिस्ट पंचविशीची, क्लायंट पन्नाशीच्या काकू, अहो-जाहो दोन्हीकडून की एकाच बाजूने? हे नातं घडण्याचे टप्पे आहेत आणि त्यावर सुपरव्हिजनमध्ये बोलायला हवं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं, मुलीच्या लग्नाची पत्रिका, मे महिन्यात देवगडहून आलेली आंब्यांची पेटी यांना परदेशी आचारसंहितेतलं 'भेटवस्तू स्वीकारू नका' हे एक वाक्य पुरत नाही. पेटी परत केली तर माणूस परत केल्यासारखं होतं, ठेवून घेतली तर पुढच्या वेळी फीबद्दल बोलताना जीभ अडखळते. चांगला सुपरवायझर नियम तोंडावर फेकत नाही. तो विचारतो, ही पेटी आत्ताच का आली? मागच्या सेशनमध्ये काय झालं होतं? घेतलीत तर कुठल्या शब्दांत घ्याल? आडनावाचंही तसंच. क्लायंट थेरपिस्टचं आडनाव वाचूनच आत येतो आणि काय सांगायचं, काय गिळायचं ते ठरवतो. जात हा शब्द ज्या सुपरव्हिजनमध्ये वर्षभरात एकदाही उच्चारला गेला नाही, ते इथल्या कामासाठी अपुरं आहे.

म्हणून सुपरवायझर इंग्रजीत बोलणारा असला, तरी उतारा मराठीतच द्या, आणि त्याला मराठी येत नसेल तर वर्षातला निदान थोडा भाग मराठी जाणणाऱ्याकडे घ्या.

संमती, मुद्रण, कायदा

मुद्रणाला क्लायंट नाही म्हणतील, या भीतीने बरेच जण विचारतच नाहीत. साध्या शब्दांत विचारलं की पुष्कळ जण हो म्हणतात. मजकूर असा चालतो: 'माझं काम नीट व्हावं म्हणून मी एका अनुभवी थेरपिस्टचा सल्ला नियमित घेते. तिथे तुमचं नाव, गाव, नोकरीचं ठिकाण सांगत नाही. अधूनमधून सेशनचा थोडा भाग ऐकवते. तुम्ही नको म्हणालात तरी आपल्या कामात काही फरक पडणार नाही. आज हो म्हणून पुढच्या आठवड्यात नको म्हणालात तरी चालेल.' मुद्रणाची संमती वेगळ्या कागदावर घ्या, थेरपीच्या संमतीपत्रात कोंबू नका. आणि पहिल्या सेशनला, माणूस कोलमडलेला असताना, सही मागू नका.

फोनवर मुद्रण करायचं तर आधी क्लाउडवर आपोआप चढवणारं सेटिंग बंद करा आणि फोन विमान-मोडवर टाका. फाइलला नाव नाही, फक्त सांकेतिक क्रमांक. सुपरव्हिजन झालं की फाइल पुसा, आणि 'अलीकडे पुसलेल्या' फोल्डरमधूनही काढा, चुका बहुतेक तिथेच होतात. मुद्रण व्हॉट्सॲपवर कधीही पाठवू नका. पॅकेजसोबत व्हॉट्सॲप ग्रुप मिळतो असं जिथे कौतुकाने सांगितलं जातं, तिथे त्या ग्रुपवर काय लिहायचं आणि काय नाही याचा लेखी नियम मागा. केसचा तपशील नाव न घेता लिहिला तरी माणूस ओळखू येतो. साताऱ्यासारख्या शहरात 'अमुक कॉलेजच्या प्राध्यापकांची धाकटी, नुकताच घटस्फोट झालेली' एवढं पुरेसं असतं. व्यवसाय बदला, भावंडांची संख्या बदला, गाव बदला, पण केसचा गाभा बदलेल असं काही बदलू नका. गटात कुणाला केस ओळखू आली, तर त्याने तिथेच हात वर करून बाहेर जायचं, हा नियम पहिल्याच बैठकीत ठरायला हवा.

भारतात समुपदेशकाने महिन्याला अमुक तास सुपरव्हिजन घ्यावं अशी कायद्याची सक्ती नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी 1992 च्या कायद्याखाली भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते आणि ती चालू ठेवायला सतत शिक्षणाचे गुण मिळवावे लागतात, पण हे गुण कार्यक्रमांना हजर राहिल्याचे असतात, तुमचं काम कुणी ऐकल्याचे नव्हेत. पॅकेजवाल्यांनी 'मान्यताप्राप्त' हा शब्द वापरला की कुणाची मान्यता आणि कशासाठी, हे लेखी विचारा.

सुपरवायझरला तीन कायदेशीर जागा पाठ असायलाच हव्यात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चं कलम 23 गोपनीयतेचं आणि तिच्या अपवादांचं आहे, जिवाला धोका असेल तेव्हा माहिती देता येते ती इथे. त्याच कायद्याचं कलम 106 आपल्या व्यवसायाच्या कक्षेबाहेरचे उपचार सुचवायला मनाई करतं. 'झोपेची ती गोळी अर्धी करून बघा' असं थेरपिस्ट सहज बोलून जातो तेव्हा ते आठवावं. तिसरं, पोक्सो कायदा, 2012 चं कलम 19. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं, तर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं कुणाही व्यक्तीवर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. ज्युनियर कॉलेजच्या समुपदेशकासमोर सतरा वर्षांची मुलगी आपल्या मित्राबद्दल विश्वासाने बोलू लागते, तेव्हा हा कायदा नुसता पुस्तकात राहत नाही. गोपनीयतेच्या मर्यादा पहिल्याच सेशनला तिला कशा सांगायच्या, हे सुपरव्हिजनमध्ये शब्दशः सराव करून घ्यायला हवं. 'बघू, वेळ आली की ठरवू' म्हणणारा सुपरवायझर टाळा.

आणि शुक्रवारी रात्री नऊ वाजता क्लायंटचा 'आता सहन होत नाही' असा मेसेज आला तर? बैठक पुढच्या महिन्यात आहे. करारात लिहून घ्या: दोन बैठकांच्या मधे सुपरवायझरला फोन करता येईल का, किती वाजेपर्यंत, त्याचे वेगळे पैसे किती, तो गावाला गेला तर त्याच्या जागी कोण. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक क्लायंटला द्यायलाच हवा, पण थेरपिस्टला लागणारा आधार त्याने भागत नाही. हे कलम नसलेलं पॅकेज आम्ही अपूर्ण मानतो, भले बाकी सगळं उत्तम असो.

बिनपैशाचा गट आणि कार्यशाळा

तिघाचौघांचा आपसांतला गट पाच-सात वर्षं काम केलेल्यांना छान चालतो. पाळीपाळीने एकाने त्या दिवसाचं सूत्रसंचालन करायचं, घड्याळ त्याच्या हातात. याचा दोष एकच, पण मोठा आहे: वाईटपणा घ्यायला कुणी तयार नसतं. 'तू हे केलंस ते चुकलं' असं मैत्रिणीला सांगायचं तर चहा कडू होतो. म्हणून तीन महिन्यांतून एकदा बाहेरचा सुपरवायझर बोलवा आणि त्याची फी वाटून घ्या. नवशिक्यांनी मात्र फक्त नवशिक्यांचा गट करू नये. तिथे जे एकाला ठाऊक नसतं, तेच बाकीच्यांनाही ठाऊक नसतं.

कार्यशाळांबद्दल थोडक्यात. विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग (क्लायंटची बदलाची स्वतःची इच्छा जागवणारी संवादपद्धत) शिकणाऱ्या 140 व्यावसायिकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कार्यशाळेच्या जोडीला आपल्या मुद्रणांवरचा अभिप्राय किंवा वैयक्तिक मार्गदर्शन मिळालेल्यांचं कौशल्य नुसत्या कार्यशाळेपेक्षा अधिक वाढलं. म्हणून दोन दिवसांचा कार्यक्रम निवडताना तिसऱ्या दिवशी काय आहे ते पाहा. ईएमडीआर या, डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आघातावर काम करणाऱ्या थेरपीच्या मूलभूत प्रशिक्षणाचा आंतरराष्ट्रीय संघटनेने घालून दिलेला आराखडा या बाबतीत चांगला आहे: वीस तास शिकवणी, वीस तास देखरेखीखाली सराव आणि दहा तास स्वतःच्या केसवर सल्लामसलत. हे शेवटचे दहा तास 'नंतर बघू' म्हणून सोडून देणारे पुष्कळ असतात, आणि मग शिकलेलं हातात उतरत नाही.

काय घ्यावं? पहिल्या दोन वर्षांत पंधरवड्याला एकास-एक, आणि परवडलं तर सोबत चार जणांचा गट. दोन ते पाच वर्षांत महिन्याला एकास-एक आणि एक गट. पुढे आपसांतला गट, अधूनमधून बाहेरचा सुपरवायझर, आणि नवं तंत्र शिकत असाल तर त्या काळापुरतं पुन्हा एकास-एक. सहा जणांचं दहा बैठकांचं पॅकेज एकटं घेऊ नका, दुसऱ्या कशाच्या तरी जोडीला घ्या. आठपेक्षा मोठा गट असेल तर तो वर्ग समजा आणि वर्गाएवढेच पैसे द्या.

पॅकेज संपताना प्रमाणपत्र जसं छापून येतं तसं घेऊ नका. त्यावर चार आकडे वेगवेगळे लिहून मागा: एकूण हजेरीचे तास, तुम्ही स्वतः किती केस मांडल्या, त्यांतल्या किती मुद्रणासह किंवा शब्दशः उताऱ्यासह, आणि एकास-एक किती तास. खाली सुपरवायझरची शैक्षणिक पात्रता आणि नोंदणी क्रमांक असल्यास तोही. आणि बैठकांतल्या नोंदींच्या वह्या, पाठवलेले उतारे, सामायिक फोल्डर यांचं काय करायचं, ते कोण आणि कुठल्या तारखेपर्यंत नष्ट करणार, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून ठेवा.